वाट सांगेल तेवढी हवा

जुन्नरहून नाणेघाटाला डांबरी रस्त्याने जायचं तर अंतर साधारण ३०-३५ किलोमीटर. आपटाळे, चावंड, कुकडेश्वर, घाटघर आणि मग थेट कोकणात कोसळणारा कडा. मोटारीने तासाभराचं काम. पण या रस्त्याला जागोजागी गाडीवाटा फुटतात. काही भातखाचरांच्या कडेने जातात, काही माणिकडोह धरणाच्या पाण्याकडे उतरतात, काही उघड्या कातळावरून एका वाडीला दुसऱ्या वाडीशी जोडतात. माऊंटन बाइक असणाऱ्याने हा प्रवास शक्य तितका या वाटांनी करावा. त्याला पुरता दिवस लागतो, पण मावळतीकडचं जुन्नर खऱ्या अर्थाने दिसतं ते तिथूनच.

दिवाळीनंतरची थंडी नुकती पडू लागली होती. भाचीने सेकंडहँड सायकल घेतली होती आणि शहरातल्या टेकडीवर ती चालवून तिचा हात बसला होता. "मामा, आता खऱ्या डोंगरात जाऊ या," असा तिचा लकडा चालू होता. निघण्यापूर्वी तिने सामानाची एक लांबलचक यादी काढली. पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली नवी सायकल, गुडघ्यांना पॅड, बुटात अडकणारे पॅडल, कार्बनचं हँडल. यादी बारकाईने केलेली होती, पण ती होती परदेशातल्या ओलसर, मऊ मातीच्या जंगलवाटांसाठी. आपल्याकडे पावसाळा सरला की जमीन आठवड्या-दोन आठवड्यांत कडक होते. वर सुटा मुरूम, खाली कातळ, कडेला काटेरी कुंपणं आणि दुपारचं ऊन. सह्याद्रीत काय लागतं ते सह्याद्रीच्या मातीला विचारावं, असं माझं ठाम मत आहे. या मातीचं उत्तर बरंच स्वस्तातलं असतं.

गाडीवाटा आणि पठारांसाठी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल पुरेशी असते. पुढच्या फोर्कला १०० मिलिमीटरची हालचाल असली, ब्रेक डिस्कचे असले आणि टायर सव्वादोन इंचांच्या आसपास रुंद, चांगल्या गुट्ट्यांचे असले की नाणेघाटापर्यंत काही अडत नाही. पैसे थोडेच असतील तर ते आधी टायर आणि हेल्मेटवर घालावेत. त्यानंतर बोटं झाकणारे हातमोजे आणि साधा पारदर्शक चष्मा. गिअरची संख्या आणि फ्रेमचं वजन या फार पुढच्या गोष्टी आहेत.

जुन्नरला आम्ही आदल्या संध्याकाळीच पोहोचलो. शिवनेरीच्या पायथ्याला मुक्काम केला आणि उजाडल्यावर, चांगलं लख्ख दिसू लागल्यावर निघालो. हा बिबट्यांचा तालुका आहे. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे आणि उसाच्या पट्ट्यात माणसं व बिबटे शेजारी राहतात. पहाटेच्या काळोखात किंवा दिवेलागणीनंतर सायकलवर वाकलेल्या माणसाने या शिवारातून जाऊ नये. इथले शेतकरी हीच काळजी घेतात, तीच पाहुण्यानेही घ्यावी.

निघण्यापूर्वी सायकल तपासायला दहा मिनिटं पुरतात. ती वीतभर उचलून सोडायची आणि ऐकायचं. टायरचा भरीव ठप्प आवाज आला तर ठीक. कुठे खुळखुळलं तर काहीतरी ढिलं आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलायची. हँडलखाली टकटक जाणवली तर हेडसेट आवळायचा. चाक फिरवून ते लपकतं का पाहायचं, तारा जोडीने चिमटीत धरून एखादी सैल आहे का ते बघायचं. ब्रेकचा लिव्हर मुठीपर्यंत येत असेल तर डोंगराकडे वळायचंच नाही. मग सीटची उंची. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवली आणि पॅडल अगदी खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा. चवडा पॅडलवर आणला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो. भाचीची सीट दोन बोटं खाली होती. गेले काही दिवस तिच्या गुडघ्याच्या वाटीपुढे दुखत होतं, त्याचं मूळ तिथेच होतं. सीट फार वर असली तर दुखणं गुडघ्याच्या मागे येतं. गोळ्या घेण्याआधी पाना हातात घ्यावा.

राहिली हवा. स्टँडाजवळच्या पंक्चरवाल्याने पुढचं टायर दाबून पाहिलं आणि मान हलवली. "ताई, हवा कमी आहे. फुल्ल भरून देऊ का?" त्याचं बरोबरच होतं, डांबरावर ओझं घेऊन चालणाऱ्या सायकलींना टणक टायरच लागतं. पण मुरुमावर टणक टायर दगडावरून उसळतं, माती धरत नाही आणि प्रत्येक हादरा मनगटात पोचवतो. साठ-सत्तर किलोच्या माणसाला, आत ट्यूब असलेल्या रुंद टायरमध्ये २५ ते ३० पीएसआय हवा अशा वाटेवर बरी पडते. मागच्या चाकावर वजन जास्त, म्हणून त्यात दोन-तीन पीएसआय अधिक. त्याहून फार कमी ठेवली तर दगडावर टायर रिमपर्यंत दबतं आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. आम्ही पस्तीसवर निघालो आणि पहिल्या गाडीवाटेच्या तोंडाशी थांबून हवा थोडी सोडली. अंगठ्याने दाबल्यावर टायर किंचित आत जायला हवं. हा अंदाज अंगठ्यात एकदा बसला की मोजायचं यंत्र विसरलं तरी अडत नाही.

आपटाळ्याच्या पुढे आम्ही डांबर सोडलं. भाताची कापणी झाली होती, खाचरांत पेंढ्यांच्या उडव्या उभ्या होत्या. वाट एका टेपाडावर चढत होती. मधोमध गवताची पट्टी, दोन्हीकडे चाकोऱ्या आणि चाकोरीत हरभऱ्याएवढा सुटा मुरूम. अशा चढावर बहुतेक जण सीटवरून उठतात आणि जोर लावतात. वजन मागच्या चाकावरून निघालं की ते जागच्या जागी गरगरतं. तिथे बसूनच राहावं, सीटच्या पुढच्या टोकाशी सरकावं, कोपरं खाली घ्यावीत आणि छाती हँडलकडे झुकवावी. हलका गिअर चढ सुरू होण्याआधीच पडलेला असावा. जोर लावत असताना गिअर बदलला तर चेन करकरते, कधी तुटतेही. पाय मिनिटाला साठ-सत्तर फेरे संथ फिरत राहावेत. भाचीने दुसऱ्या प्रयत्नात ते टेपाड न थांबता पार केलं, आणि वर पोचल्यावर समोर माणिकडोहचं पाणी पसरलेलं दिसलं. पलीकडच्या काठावर हडसर किल्ला, डावीकडे पुढे चावंडचा कातळमाथा.

त्या टेपाडावरून उतरताना तिचं मागचं टायर बसलं. बोराटीच्या फांद्यांचं कुंपण वाटेला लागूनच होतं. मी मुद्दाम हात लावला नाही. पंक्चर काढायला घरच्या गॅलरीत कितीदा शिकलं तरी ते खरं येतं वाटेवरच. तिने मागचा गिअर सगळ्यात लहान चक्रावर आणला, त्यामुळे चाक सहज निघालं. ट्यूब ओढून काढण्याआधी व्हॉल्व्ह टायरवरच्या कोणत्या अक्षराजवळ आहे ते तिने पाहून ठेवलं. हे फार उपयोगी पडतं. ट्यूबचं भोक सापडलं की टायर तिच्याशेजारी तसंच धरायचं. काटा नेमका त्याच ठिकाणी सापडतो.

ट्यूबमध्ये हवा भरून ती गालाजवळ फिरवली, पण भोक इतकं बारीक की काही कळेना. एवढ्यात कुंपणापलीकडून एक आजी आल्या.

"काय झालं गं बाय? हवा गेली व्हय?"

"हो आजी. काटा घुसलाय, पण कुठं ते सापडत नाही."

"आमच्याच कुपाटीचा आसंल. थांब, पाणी आनते."

त्यांनी घमेलंभर पाणी आणून दिलं. ट्यूब त्यात बुडवत पुढे सरकवली आणि शिवणीपासून बोटभर अंतरावर बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. पुसून कोरडं केलं, पॉलिश पेपरने आठ आण्याएवढी जागा खरबरीत होईतो घासली आणि सोल्यूशनचा पातळ थर लावला. इथे घाई करणाऱ्याचा पॅच दहा मिनिटांत सुटतो. सोल्यूशनची चमक जाऊन बोटाला ते चिकटेनासं होईपर्यंत, म्हणजे चारपाच मिनिटं थांबायचं, मगच पॅच ठेवायचा आणि मधून कडेकडे अंगठ्याने दाबत न्यायचा. तेवढ्या वेळात टायरमधला काटा शोधायचा. तो बाहेरून दिसत नव्हता. टोक मोडून रबरात रुतलं होतं. नुसतं बोट आतून फिरवलं तर बोटच फाटतं, म्हणून तिने कापडाचा बोळा फिरवला. दुसऱ्या फेरीत कापडाचा धागा अडकला. चिमट्याने निघालेलं टोक तांदळाच्या कणीपेक्षाही लहान होतं. ते काढायचं राहिलं असतं तर पुढच्या फर्लांगभरात तेच पंक्चर पुन्हा झालं असतं. आजी तोवर बांधावर बसून होत्या. चाक बसलं, हवा भरली, ते दाबून पाहून त्यांनी समाधानाने मान डोलावली आणि आम्हाला वाटेवर लावून दिलं.

ट्यूब नसलेली टायरं आणि आत पातळ सीलंट, ही सोय अशा काटेरी मुलखात फार कामाची आहे. बारीक भोकं ते आपोआप बुजवतं. पण आपल्या उन्हात सीलंट काही महिन्यांत वाळून जातं, हे लक्षात ठेवून ते वेळोवेळी ओतावं लागतं. ट्यूबलेस असो वा नसो, पिशवीत एक जादा ट्यूब, पॅच आणि सोल्यूशन, दोन टायर लिव्हर, हातपंप, चेन तोडायची सोय असलेला पान्यांचा जुडगा, चेन जोडायची एक क्विक लिंक, चारदोन झिप टाय आणि जुन्या टायरचा बोटभर लांबीचा तुकडा असावाच. हा तुकडा कातळासाठी. बसाल्टच्या फुटलेल्या कडेने टायरची बाजू चिरली की नवी ट्यूब त्या चिरेतून फुगून बाहेर येते. आतून हा तुकडा लावला की घरापर्यंत टायर तग धरतं. हे सगळं सामान सीटखालच्या एका लहान पिशवीत मावतं, आणि त्याच्याशिवाय एसटी न येणाऱ्या वाटेला लागणं म्हणजे सायकल हातात धरून चालत येण्याची तयारी ठेवणं.

चावंड मागे टाकून दुपारी कुकडेश्वराला पोचलो. पूर गावचं हे जुनं दगडी शिवमंदिर कुकडी नदीच्या उगमाशी आहे. नक्षीच्या खांबांपेक्षाही त्या घटकेला आम्हाला तिथल्या सावलीचं अप्रूप होतं. खाण्यापिण्याच्या बाबतीत एकच नियम मी पाळतो: भूक लागण्याआधी खायचं, तहान लागण्याआधी प्यायचं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोटाघोटाने, आणि घाम फार येत असेल तर त्यात ओआरएस किंवा चिमूटभर मीठ-साखर. दर पाऊण तासाला थोडंसं काही. खजूर, केळं, गूळ-शेंगदाणे, तूप लावलेली गूळपोळी. महागड्या जेलची पाकिटं स्पर्धेत कामाला येत असतील. दिवसभराच्या डोंगरवाटेवर गूळपोळीला तोड नाही. ती खिशात टिकते आणि मागे प्लास्टिक उरत नाही.

घाटघरच्या पुढे मुलूख बदलतो. झाडोरा मागे पडतो, पिवळ्या पडलेल्या गवताचं पठार लागतं, डावीकडे जीवधन किल्ल्याचा ताशीव कडा उभा राहतो आणि कोकणातून वर येणारा वारा तोंडावर आदळू लागतो. इथे वाटेचं शील पाळावं लागतं. समोरून गुरं आली तर उतरून कडेला उभं राहावं, तेही उताराच्या बाजूला, म्हणजे बुजलेलं जनावर वरच्या अंगाला जातं, कड्याकडे नाही. माणूस दिसला की घंटी वाजवण्याऐवजी लांबूनच हाक द्यावी. भाताच्या बांधावरून सायकल घालू नये. तो बांध म्हणजे शेतकऱ्याचं पाणी आणि माती धरून ठेवणारी भिंत आहे. पावसाळ्यात तर मऊ पायवाटांवर जाऊच नये. चाकाने पडलेली चरीच पुढच्या सरीला पाण्याचा पाट होते आणि एका पावसात वाट धुपून जाते. या पट्ट्यातल्या महादेव कोळी वाड्यांची हिरड्याची आणि सरपणाची वाट हीच असते. ती आपण मोकळ्या दिवशी येऊन बिघडवायची नाही.

नाणेघाटाच्या तोंडाशी सायकली ठेवल्या आणि पायी खाली उतरलो. कातळात खोदलेल्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांची नावं, दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी, आणि ती मोजणारे अंक. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात या लेखाची गणना होते. वर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. कल्याण-सोपाऱ्याकडचा माल जनावरांच्या पाठीवर याच पायऱ्यांनी चढून जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जात असे. या पायऱ्यांवरून सायकल उतरवून दाखवायचा मोह काहींना होतो. दगडी फरसबंदी झिजून गुळगुळीत झाली आहे, घाट अरुंद आहे, लेणं संरक्षित आहे आणि चढून येणाऱ्यांची वर्दळ असते. ही वाट पायांसाठी केलेली आहे. तिथे चाक नेऊ नये, एवढं स्पष्ट लिहायलाच हवं.

परतताना पठाराच्या धारेवरून घाटघरकडे मुरमाड, वळणावळणाचा उतार लागला. इथे भाचीचे खांदे कानापर्यंत चढले होते आणि दोन्ही ब्रेक घट्ट दाबलेले. उतरताना सीटवरून उठायचं, दोन्ही पॅडल जमिनीला समांतर, टाचा खाली, गुडघे-कोपरं सैल, बूड सीटच्या मागे. ब्रेकवर एकेकच बोट. ब्रेक वळणाआधी लावायचा, वळणात सोडायचा. सुट्या मुरुमावर वळता वळता पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकलंच. ब्रेक सतत घासत ठेवू नये. थोडा दाबावा, सोडावा, डिस्कला थंड व्हायला सवड द्यावी. माऊंटन बाइकचा इतिहासच मुळी तापलेल्या ब्रेकपासून सुरू होतो. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात काही तरुण जुन्या जाडजूड सायकली घेऊन एका उतारावरून शर्यती लावू लागले. एका फेरीत मागच्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघे आणि हब पुन्हा ग्रीसने भरावा लागे, म्हणून त्या उताराचं नावच रिपॅक पडलं. गॅरी फिशर, जो ब्रीझ ही मंडळी तिथलीच. पुढच्याच वर्षी ब्रीझने डोंगरासाठी म्हणून खास फ्रेम बांधली. १९९६ मध्ये अटलांटाला हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोचला.

आणखी एक गोष्ट मी तिला सांगितली: चुकवायच्या दगडाकडे पाहू नकोस, जायच्या जागेकडे पाहा. सायकल नजरेच्या मागे जाते. तिसऱ्या वळणाला तिचे खांदे खाली आले, नजर पुढे गेली आणि चाकाखालचा मुरूम एकसारखा वाजू लागला.

खोलीवर परतल्यावर आंघोळीआधी सायकल. कोरड्या फडक्याने चेन पुसली, प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडला, चेन उलटी फिरवली आणि वरचं तेल पुन्हा पुसून काढलं. तेल कड्यांच्या आत हवं. बाहेर राहिलेल्या तेलावर मुरुमाची धूळ बसते आणि तीच दाते खाते. डिस्कला तेलाचा थेंबही लागता कामा नये. चिखल असेल तर बादलीभर पाणी आणि ब्रश पुरे; गाड्या धुणाऱ्या जोरदार फवाऱ्याने हबमध्ये पाणी शिरतं आणि बेअरिंग गंजतात.

असा दिवस अंगाला सोसायचा तर तयारी घराजवळच होते. आठवड्यातून दोनदा तासभर आणि सुट्टीच्या दिवशी एक लांब फेरी, तीही बहुतेक वेळ बोलता येईल अशा वेगात. अंतर थोडं थोडं वाढवायचं. एक दिवस छोट्या चढावर चारपाच वेळा दम लागेपर्यंत. दोनदा बैठका, प्लँक आणि पाठीचे व्यायाम, कारण खडबडीत वाटेवर पायांआधी कंबर आणि मनगटं दमतात. आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांती. ताकद त्या दिवशी वाढते. दीड-दोन महिने एवढं नेमाने केलं तर निरोगी माणूस नाणेघाटाची फेरी मजेत करतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे यासाठी उत्तम महिने. नवी सायकल घ्यायची वाट पाहत कुणी हा हिवाळा घालवू नये. घरात पडलेली माऊंटन बाइक काढावी, टायर-ब्रेक नीट करून घ्यावेत, पंक्चर काढायला हातांना शिकवावं आणि आपल्या तालुक्यातली एखादी गाडीवाट धरावी. भाचीने परतीच्या एसटीतच सामानाची नवी यादी केली. त्यात हातपंप, पॅच आणि जुन्या टायरचा तुकडा एवढंच होतं. पुढच्या खेपेला हडसरच्या बाजूने धरणाला वळसा घालायचा बेत तिनेच आखला आहे, आणि वाट दाखवायचं काम या वेळी तिच्याकडे आहे.